एक नंबरची झेंडी

बुधवारी दुपारी लाँगहाउसच्या, म्हणजे जमातीच्या सभाघराच्या, स्वयंपाकघरात अर्डिथ कुणालाही सुखानं बटाटे सोलू देत नव्हती. साली जाड निघताहेत, मोठं पातेलं नीट घासलेलं नाही, हरणाचं मांस अजून थर्मनच्या फ्रीजरमध्येच पडलंय, हे सगळं तिला एका दमात बोलायचं होतं. रविवारी मुळांची मेजवानी. पाचशे माणसं जेवणार. आणि त्याआधी उद्या, गुरुवारी पहाटे, सातजणी टेकडीवर जाऊन वर्षातली पहिली प्याखी, सोलून खायची ती मुळं, खणणार. ती मुळं रविवारी टेबलावर मांडून, गाऊन, पाणी पिऊन झालं की मग बाकीच्यांनी आपापल्या घरासाठी खणायला जायचं. तोवर जमिनीला कुणी हात लावायचा नाही.

सातजणींमध्ये यंदा एक नवी होती. थर्मनची मुलगी केस्ली, बारा वर्षांची. तिच्यासाठी अर्डिथनं महिनाभर बसून शिवलेला जांभळा झगा स्वयंपाकघरातल्या खिळ्याला इस्त्री करून टांगला होता. तळाला पांढऱ्या फितीच्या तीन ओळी. कुणी तेलकट हातानं जवळून गेलं की अर्डिथ नुसती बघायची, तो माणूस लांबून जायचा.

"थर्मन, तू येतोयस का नाही ते एकदा ठरव. दार उघडं टाकून उभा राहू नकोस."

"अर्धं हरीण खांद्यावर आहे, ताई. ते माझ्यापेक्षा हळू चालतं."

"आणि हा कोण? बटाट्याचे ठोकळे करतोय."

"मी ओवेन," तो पोरगा म्हणाला. रोझेलच्या कॉलेजातला, गव्हाच्या शेतीवर वाढलेला, लालसर कानांचा. "रोझेलबरोबर दर शनिवारी येतो ना मी."

"येतोस ते माहीत आहे. तुझ्या आईनं तुला बटाटा दाखवला होता का कधी, ते विचारतेय."

टेबलाच्या टोकाला आजी लविना मुळांच्या पिशवीचा उसवलेला काठ विणत बसली होती. अठ्ठ्याहत्तर वर्षं, त्यातली चाळीस खणणाऱ्या बायकांच्या पुढे चालण्यात गेलेली. तिनं मान वर न करता विचारलं, "रोझेल कुठंय? आज भिंतीवर काहीतरी लावणार होती ना ती?"

रोझेल, अर्डिथची थोरली, युनिव्हर्सिटीत तिसऱ्या वर्षाला होती. गेल्या सप्टेंबरपासून ती आणि तिचे चार मित्र शनिवारी व्हॅन घेऊन इथल्या शाळेत येत. सहावी ते आठवीची पोरं, प्रत्येक कॉलेजवाल्याच्या वाट्याला तिघं-चौघं. कुणी नदीचं पाणी तपासत होतं, कुणी माशांचे खवले. रोझेलच्या गटानं विचारलेला प्रश्न पोरांनीच काढलेला होता: प्याखी खणायला तयार झाली हे जमिनीला कधी कळतं? ऑक्टोबरात आजीनं स्वतः टेकडीवर नेऊन चार जागा दाखवल्या होत्या, सगळ्यांत वरची खालूनच बोट करून. तिथं पोरांनी कोटाच्या बटणाएवढे तापमापक वीतभर खोल पुरले, आणि वर एकेक केशरी झेंडी रोवली. हिवाळाभर ती बटणं बर्फाखाली तासातासाला आपला आकडा लिहीत राहिली.

"आली," थर्मन म्हणाला.

रोझेल आणि केस्ली दोघी मिळून एक लांब गुंडाळी घेऊन आत आल्या. चिकटपट्टी, खुर्ची, "डावीकडे वर कर, वर, अगं वर" असं होऊन तक्ता भिंतीला लागला. चार रंगांच्या चार रेघा डावीकडून उजवीकडे चढत गेलेल्या. खाली पोरांनी काढलेली फुलं.

"सांग," रोझेल केस्लीला म्हणाली. "उद्या जाण्याआधी आजीला दाखवायचंय म्हणून एवढी धावपळ केली. आता तोंड उघड."

केस्लीचे शब्द एकमेकांच्या अंगावर पडत बाहेर आले. "ही लाल रेघ झेंडी नंबर एक. खालची सपाटी, जिथं आपण नेहमी खणतो. यंदा बर्फ लवकर गेला, त्यामुळे ती मार्चअखेरीलाच अकरा अंशांच्या वर गेली, म्हणजे तेव्हाच तयार झाली. ही निळी झेंडी नंबर चार, वरची, सावलीच्या बाजूची. ती अजून मागे आहे, पण ती आता पोचतेय. उद्याच्या सुमाराला. म्हणजे आम्हाला तसं वाटतं. म्हणजे आकड्यांना."

"अकरा?" थर्मननं भुवया चढवल्या. "अकराला तर पाण्याचा दगड होतो, पोरी."

"बाबा, हे सेल्सिअस आहे. तुझ्या गाडीतलं फॅरनहाइट."

"माझ्या गाडीतलं गेल्या वर्षीच बंद पडलं."

बायका हसल्या. अर्डिथही हसणार होती, पण तिचं लक्ष दुसऱ्याच गोष्टीकडे गेलं होतं. "म्हणजे खालची सपाटी संपली म्हणतेस?"

"सोमवारच्या आसपास संपली असेल, आत्या. कळी उघडायला लागली की साल चिकटून बसते ना, मग सोलता येत नाही."

"ते मला शिकवू नकोस. तारीख मी धरलीय, फेब्रुवारीत."

"जमिनीला विचारून धरलीस का कॅलेंडरला?" थर्मननं हळूच विचारलं.

"पाचशे माणसांना सुट्टी काढावी लागते, त्यांना विचारून धरली. तुला काय, गाण्यात घंटा वाजवली की तुझं काम झालं." अर्डिथनं हात पुसले आणि ती तक्त्याजवळ गेली. चष्मा लावून तिनं खालचा बारीक अक्षरातला कोपरा वाचायला घेतला. तिथं रकाने होते. झेंडी. तारीख. आकडा. नमुना. साल.

बाकी सगळीकडे नमुन्याच्या रकान्यात आडवी रेघ होती. एकाच ओळीत नव्हती. ती ओळ अर्डिथनं मोठ्यानं वाचली.

"झेंडी एक. तीस मार्च. अकरा पूर्णांक दोन. नमुना, एक. साल, सुटते."

स्वयंपाकघरात फक्त नळ वाहत होता. तो ओवेननं बंद केला.

"हे कुणी खणलं?" अर्डिथनं विचारलं.

केस्ली खुर्चीवरून खाली उतरली. "मी," ती म्हणाली.

अर्डिथनं खिळ्यावरचा झगा काढला, दोन्ही बाह्या नीट आत घेऊन घडी घातली, आणि घडी काखेत घेऊन मागच्या दारानं बाहेर गेली.

*

रोझेलला आईच्या मागून जावंच लागलं. लाँगहाउसच्या मागे पिकअपगाड्या उभ्या होत्या, त्यांच्या पलीकडे टेकडी, अजून पिवळट. अर्डिथ आपल्या गाडीच्या दाराशी उभी होती.

"तुला ठाऊक होतं," अर्डिथ म्हणाली.

"काल कळलं. तक्ता छापायच्या आधी. ती खणत होती तेव्हा मी वरच्या झेंडीपाशी होते, आई."

"आणि कळल्यावर तो भिंतीवर लावलास."

रोझेलला कालची दुपार आठवली. कॉम्प्युटरसमोर ओवेन म्हणाला होता, एक ओळ काढून टाकली तर रेघांना काही होत नाही. बोट त्या ओळीवर नेलंही होतं तिनं. मग केस्लीला फोन केला. मग केस्ली म्हणाली, तूच सांगितलंस ना, झालेलं खोडायचं नाही. आणि ती ओळ काढली तर आजीला कसं कळेल, साल कधी सुटत होती ते? नुसता आकडा ऊन किती पडलं तेवढंच सांगतो.

"मी काढून टाकणार होते," रोझेल म्हणाली. "तिनं काढू दिली नाही. उद्याची तिची जागा जाईल हे तिला कळत होतं, तरी."

"जाणारच. उद्या ती येणार नाही."

"आई."

"काय आई? तुला वाटतं मला आनंद होतोय? फिती लावताना डोळे गेले माझे." अर्डिथनं घडी मागच्या सीटवर ठेवली. "आधी गाणं, मग खणायची कापिन. ती जमीन आपल्याला देते, आपण मागून घेतो. न मागता घेतलेल्या हातानं रविवारचं टेबल कसं मांडायचं? पाचशे माणसं ते खाणार, रोझेल. त्यात आजारी आहेत, लेकुरवाळ्या आहेत. आणि कारण काय, तर तुमच्या कागदावर एक रकाना होता."

हे रोझेलला लागलं, कारण ते खरं होतं. रकाना रिकामा ठेवायचा नाही, असं शनिवारी फळ्यावर तिनंच लिहिलं होतं. इथं वाढलेल्या मुलीनं ते लिहिताना दोन मिनिटं थांबायला हवं होतं. कुठले रकाने एप्रिलपर्यंत रिकामेच राहतात, हे ओवेनला माहीत नसणं वेगळं.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. "माझी जागा काढ. माझ्याऐवजी ती येऊ दे."

"जागा काय बसमधली आहे, अदलाबदल करायला?"

मागचं दार उघडलं. थर्मन. "ताई, आई बोलावतेय. दोघींना. आणि तिनं पिशवी खाली ठेवलीय."

लविना हातातलं काम खाली ठेवून बोलायला बसली म्हणजे काय, हे दोघींनाही ठाऊक होतं.

*

शाळा हा शब्द ऐकला की लविनाच्या नाकात अजून कपडे धुवायच्या जहाल साबणाचा वास येई. बारा वर्षांची असताना सप्टेंबरात एक बस आली होती आणि तिला डोंगरापलीकडच्या सरकारी वसतिशाळेत घेऊन गेली. दर एप्रिलला तिथल्या खिडकीशी ती बोटांवर दिवस मोजायची: आज बाया निघाल्या असतील, आज गात असतील. परत आली तेव्हा अठरा पूर्ण झाली होती. पहिलं मूळ तिनं एकोणिसाव्या वर्षी खणलं, दहा वर्षांच्या मुलींच्या रांगेत, त्या खुदुखुदु हसत असताना. ते ज्या आजीला द्यायचं, तिला तोवर दिसेनासं झालं होतं. आजीनं ते चाचपून बघितलं, हुंगलं आणि विचारलं, ही कोणाची मुलगी?

आणि आता शाळा व्हॅनमधून इथं येत होती. तिच्या स्वयंपाकघरात जमिनीवर मांडी घालून, तिलाच विचारत होती, आजी, बटणं कुठं पुरू? रोझेलनं पहिल्यांदा विचारलं तेव्हा लविना रात्री अंथरुणात एकटीच हसली होती.

केस्ली समोर उभी होती. रडत नव्हती. हाताचे अंगठे मुठीत धरले होते.

"कशानं खणलंस?" लविनानं विचारलं.

"पट्टीनं."

"कसल्या पट्टीनं?"

"पंधरा सेंटिमीटरची. दप्तरातली."

थर्मनला ठसका लागला. अर्डिथनं त्याच्याकडे बघितलं, तो थांबला.

"सगळं सोललंस?"

"नाही. नखाएवढंच. सुटते का एवढंच बघितलं. मग परत होतं तसं ठेवलं, माती दाबली, माझ्या बाटलीतलं पाणी घातलं."

"चाखलंस?"

"नाही."

"काही बोललीस त्याच्याशी?"

केस्लीनं रोझेलकडे बघितलं. "त्याला त्याचा आकडा सांगितला."

"काय सांगितलंस?"

"अकरा पूर्णांक दोन."

लविनाच्या खांद्यापासून हसू सुरू झालं. ते तिनं ओठाशी अडवलं. "गाणं का नाही म्हटलंस?"

"मला एकटीला सगळं येत नाही. अर्ध्यात चुकलं असतं. आकडा बरोबर होता, म्हणून तो सांगितला."

आता मात्र थर्मन खुशाल हसला, आणि बटाटे सोलणाऱ्या दोघीतिघीही. अर्डिथ तेवढी हसली नाही.

"हसण्यावारी न्या," ती म्हणाली. "आई, तू शिकवलंस ते मी बोलतेय. माझ्या वेळी मी कापिन घेऊन एक पाऊल पुढे टाकलं होतं, गाणं संपायच्या आधी. तू मला दिवसभर गाडीत बसवलं होतंस."

"बसवलं होतं," लविना म्हणाली. "आठवतंय. तू काच खाली करून गात होतीस, सगळ्यांपेक्षा मोठ्यानं."

अर्डिथनं समोरचं पातेलं पुसायला घेतलं.

लविनानं दोन्ही तळवे टेबलावर टेकले. "ऐका. मुलीचं पहिलं मूळ एकदाच असतं. हिचं ते खणून झालंय, पट्टीनं का होईना. ते झालं नाही असं मला म्हणता येणार नाही. हिनं तर लिहूनच ठेवलंय. पण पहिलं मूळ वडीलधाऱ्याच्या हातात द्यायचं असतं. ते अजून दिलेलं नाही. उद्या केस्ली येईल. कापिन घ्यायची नाही. आधी ते मूळ कुठंय, त्याचं काय झालं, ते मला दाखवायचं."

"आणि ते मेलं असेल तर?" अर्डिथनं विचारलं.

"तर पुढल्या वर्षी."

केस्लीनं मान हलवली. अंगठे अजून मुठीतच होते.

"आणि तक्त्याचं काय?" रोझेलनं विचारलं. "सपाटीवर जायचं का वर?"

"सपाटीवरच जातो आपण," अर्डिथ म्हणाली. "कितीतरी वर्षं. वर खणायला तीस वर्षांत कुणी गेलेलं नाही, गाडी जात नाही तिथं."

लविना तक्त्याकडे बघत होती. निळ्या रेघेकडे. तिची आई सावलीच्या बाजूला जायची, घोड्यावरून. "उद्या सपाटीवर जाऊ," ती म्हणाली. "जमीन काय म्हणते ते तिच्याकडूनच ऐकू. ओवेन, तो बटाटा राहू दे आता, त्यात काही उरलेलं नाही."

*

गुरुवारी उजाडायच्या सुमाराला टेकडीच्या पायथ्याशी पाच गाड्या लागल्या. केस्लीनं निळी जीन्स आणि बाबांचा जुना स्वेटर घातला होता. इतर सहाजणी झग्यांत, डोक्याला रुमाल, कमरेला विणलेल्या पिशव्या, हातात लोखंडी कापिन. तिच्या हाताला काय करावं ते कळत नव्हतं. भीती होतीच, पण नुसती भीती नव्हती. आज कळणार होतं. हिवाळाभर बर्फाखाली लिहिलेलं सगळं बरोबर होतं की नाही, हे आज खरोखरीच्या जमिनीत कळणार होतं.

पुरुष ढोल घेऊन एका ओळीत उभे राहिले. बाबांनी घंटा वाजवली. ओवेन लांब, गाडीपाशी टोपी काढून उभा होता, कुणी न सांगता.

मग गाणं सुरू झालं. एक संपलं की आजी बोलायची, थोडंसंच: पाणी आधी आलं, मग मासा, मग हरीण, मग मूळ, मग बोरं, प्रत्येकानं माणसाला म्हटलं, मी तुझी काळजी घेईन, तू माझी घे. एवढं बोलून ती गप्प व्हायची आणि पुढचं गाणं तिच्या शेवटच्या शब्दावरच पाऊल ठेवून उठायचं. गाण्यातून बोलणं, बोलण्यातून गाणं. हे ऐकत कितीतरी रविवार केस्ली आईच्या मांडीवर झोपी गेली होती. आज प्रत्येक शब्द जागा होता. तिसऱ्या गाण्यात तिचा आवाज आपोआप निघाला, पाचव्यात शब्द चुकला, आणि शेजारून आत्यानं तिच्याकडे न बघता तो शब्द जरा मोठ्यानं म्हटला, तिला सापडेल असा.

सातवं संपलं. घंटा. आजी पुढे झाली, कापिन जमिनीत घालून तिनं पाय दाबला. दांडा कलला, माती उकलली. तिनं मूळ झटकलं, अंगठ्याचं नख सालीला लावलं, आणि ओढलं.

साल आली नाही. तुटून तुकडा निघाला, लाल, ओला.

आजीनं दुसऱ्या बाजूनं ओढून बघितलं. मग ते मूळ तिनं पिशवीत ठेवलं, कारण काढलेलं टाकत नाहीत, आणि ती तशीच उभी राहिली. केस्लीला वाटलं आपल्याला आनंद होईल, आकडे बरोबर निघाले म्हणून. पण आत्याचा चेहरा बघून तिला तो करता येईना.

"केस्ली," आजी म्हणाली. "तुझी झेंडी दाखव."

*

अर्डिथ सगळ्यांत आधी तिथं पोचली. खरं तर तिला पोरीच्या आधी बघायचं होतं. वाळलेलं काही असलं तर निदान पायानं माती सरकवावी, पोरीला ते लगेच दिसू नये, असं काहीसं तिच्या मनात होतं. काल रात्रभर तिला गाडीची ती काच आठवत होती. आई म्हणाली ते खरं होतं, ती गात होती. पण रडतही होती, ते आईला बाहेरून दिसलं नसणार.

केशरी झेंडी वाऱ्यानं चिरली होती. तिच्या बुडाशी, पट्टीनं उकरलेल्या चौकोनी जागेत, पानांचा एक मूठभर झुबका होता. मधोमध कळी. कळी अर्धी उघडली होती, आतून गुलाबी.

अर्डिथ गुडघ्यावर बसली. "हेच का?"

"हेच," केस्ली धापा टाकत म्हणाली. "बघ ना, आत्या, कडा सरळ आहेत. पट्टीच्या." ती पण बसली. तिनं हात पुढे केला आणि मग मागे घेतला. आजी, रोझेल आणि बाकीच्या भोवती येऊन उभ्या राहिल्या होत्या. "आजी, हे आता तुला द्यायचंय ना. म्हणजे उपटायला लागेल."

"लागेल," लविना म्हणाली.

केस्लीनं झुबक्याभोवती बोटं नेली. पण ती बोटं मिटेनात. "हे जगलंय," ती हळूच म्हणाली. "मी पुढच्या वर्षी येते, आजी. चालेल. हे राहू दे."

वारा आला, झेंडी फडफडली. लविना त्या कळीवर वाकली.

"तू ते त्या दिवशी कुणाला दिलंस?" तिनं विचारलं.

"कुणालाच नाही. मातीत ठेवलं."

"मग मातीलाच दिलंस की." लविना अर्डिथकडे वळली. "तू सांग. नियम तुला पाठ आहेत. पहिलं मूळ वडीलधाऱ्याला द्यायचं. आपल्यात हिच्याहून वडील कुणी आहे का?" आणि तिनं पायाखालच्या जमिनीवर कापिनचं टोक टेकवलं.

आई निवाडा आपल्या हातात देतेय, हे अर्डिथला कळलं. सगळ्यांसमोर देतेय हेही. तिनं त्या चौकोनी कडांकडे बघितलं. बारा वर्षांच्या मुलीनं वीतभर पट्टीनं उकरून, नखाएवढं बघून, आपल्या बाटलीतलं पाणी घालून परत केलेलं. परत केलेलं जमिनीनं ठेवून घेतलं होतं. नको असतं तर ठेवलं नसतं.

"नाही," ती म्हणाली. "हिच्याहून वडील कुणी नाही."

रोझेलनं श्वास सोडला तो सगळ्यांना ऐकू आला.

"पण अशा कपड्यांत नाही," अर्डिथ उठत म्हणाली. "झगा माझ्या गाडीत आहे. मागच्या सीटवर."

"तू घेऊन आलीस?" रोझेलनं विचारलं.

"इस्त्री केलेला झगा कुठं ठेवणार होते? पळ, केस्ली. आणि थांब. ती तुझी निळी रेघ. वरची. ती आज किती म्हणते?"

केस्ली पळता पळता थांबली. तिनं खिशातून बटणं वाचायचं यंत्र काढलं नाही. तिला पाठ होतं. "शेवटचं वाचलं तेव्हा दहा पूर्णांक आठ. आज अकरा होईल. होईल असं वाटतं."

"वाटतं का होईल?"

"होईल, आत्या."

"मग वर जायचं. थर्मन, आईचा एक हात तू धर. गव्हाच्या पोरा, दुसरा तू. आणि हळू, ती काही गव्हाचं पोतं नाही."

"तीस वर्षांनी जातेय मी तिथं," लविना म्हणाली. "पोतं म्हणून गेले तरी चालेल."

चढ मोठा होता. बायका धापा टाकत, एकमेकींना चिडवत, रुमाल सावरत चढल्या. सावलीच्या बाजूला माती काळी आणि थंड होती, आणि खडकांच्या मधून पानांचे झुबकेच झुबके, एकही कळी न उघडलेले. लविना थांबली. तिनं नुसतं बघितलं. मग, कुणाला न विचारता, तिनं पहिल्या गाण्याची पहिली ओळ परत उचलली, आणि खाली राहिलेले ढोलवाले धावत धावत वर येताना वाटेतच ठोका धरू लागले.

या खेपेला साल आली. नख लावलं आणि ती पायमोज्यासारखी निघून आली. आत मूळ पांढरं, दुधासारखं. लविनानं ते उंच धरलं, आणि खालच्या रांगेतून जो आवाज उठला तो गाण्याचा का हसण्याचा, हे सांगणं कठीण.

केस्ली जांभळ्या झग्यात, रोझेलची कापिन दोन्ही हातांनी धरून, एका झुबक्यापाशी उभी राहिली. दोनदा दांडा सटकला. तिसऱ्यांदा रुतला. माती उकलली. तिनं मूळ झटकलं, सोललं, हातात धरलं आणि मान वर करून सगळ्यांकडे बघितलं. जमिनीला दिलेलं एक होतं. माणसाला द्यायचं पहिलं हे होतं. आजी सहा पावलांवर हसत उभी होती, हात पुढे करायच्या बेतात.

केस्ली तिच्यासमोरून गेली आणि तिनं ते मूळ अर्डिथच्या हातात ठेवलं.

"हे काय?" अर्डिथ म्हणाली. "हे वडीलधाऱ्यांना द्यायचं असतं. मी पंचावन्न वर्षांची आहे."

"हो," केस्ली म्हणाली.

"हो म्हणजे काय?"

"ताई, घे की," थर्मन मागून म्हणाला. "लिहून ठेवतील नाहीतर. नमुना एक, आत्या: सुटत नाही."

अर्डिथनं त्याच्याकडे बघायचं म्हणून तोंड फिरवलं, आणि फिरवलेलंच ठेवलं. मूळ तिच्या तळव्यात होतं, गार, ओलं, बोटाएवढं. तिनं ते पिशवीत टाकलं नाही. रुमालाचं एक टोक सोडून त्यात बांधलं, दोन गाठी मारल्या, आणि मग घसा साफ करून म्हणाली, "उभ्या काय राहिलात. ऊन वर येतंय. बारा व्हायच्या आत पिशव्या भरायच्यात."